रुतिकाचा खोकला

हे मनानं रचलेलं नाही. माझ्या घरात घडलंय आणि अजून घडतंय. ज्याला हसायचं असेल त्यानं इथूनच मागं फिरावं. मी चौथी शिकलेली बाई, लिहिण्यात चुका असतील तर तशाच गिळा.

मी जमुना. करावे गावची. आमच्या घरात मला विचारल्याशिवाय कोणी जत्रेलासुद्धा जात नाही.

गेल्या वर्षी भाद्रपद संपत आलेला. शनिवारची तिन्हीसांज. जागा तुर्भे, कारखान्यांच्या मागची वस्ती.

तिथं पत्र्याच्या एका खोलीत शाळा सुटल्यावर पोरांचा क्लब भरायचा. आईबाप कामावर, म्हणून पोरं तिथं थांबायची. माझी सून अर्पिता तिथं फुकट शिकवायची. मी खाऊ वाटायला आणि पोरांना धाकात ठेवायला जायचे. सोबत अर्पिताची लेक, माझी एकुलती नात. रुतिका.

रुतिकाला जन्मापासून दमा. खोकली की शेवटाला छातीत शिट्टी वाजायची. तो खोकला मी भरल्या बाजारात ओळखीन.

क्लब चालवणारा स्वानंद. शिकलेला, दाढीवाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, बसा ना."

"काकी म्हण. मी तुझ्याकडं भांडी नाय घासत."

त्या आठवड्यात पोरं एकामागून एक तापानं पडत होती. स्वानंद म्हणाला, व्हायरल आहे.

"तुझं वायरल तुझ्यापाशी ठेव. पोरांना नजर लागलीय."

"काकी, मुलांसमोर हे नको."

"मंग तू बाहेर उभा रहा."

राहिला बिचारा.

कणीसवाल्याच्या शेगडीतले निखारे डब्यात आणले. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. दाराला आतून कडी घातली. एकेका पोराची वेगळी मूठ भरली. एकावरून उतरवलेली मूठ दुसऱ्यावरून फिरवायची नाही, हे मला आईनं शिकवलेलं.

मिरच्या जळल्या. सगळी पोरं खोकायला लागली. ठसका लागला म्हणजे नजर नाही. ठसका लागला नाही तर समजायचं, नजर मोठी.

मागच्या भिंतीला एक पोरगी बसली होती. फ्रॉकवाली. गुडघे पोटाशी घेऊन.

ती खोकत नव्हती.

डोळ्यांत पाणी नाही. नाक पुसणं नाही. आणि... तिची छातीसुद्धा हलत नव्हती.

"काय गं, तुला ठसका नाय लागत?"

ती हळूच म्हणाली, "माझं खोकून झालंय, आजी."

मला वाटलं, आगाऊ आहे. शेवटची मूठ भरून तिच्यावरून उतरवली. मुठीतलं मीठ... ओलं झालं. खाडीतून काढल्यासारखं.

तेवढ्यात रुतिकाचा श्वास अडकला. ओठ निळे पडले.

"आई, पंप संपलाय!" अर्पिता किंचाळली.

माझ्या पुडीत एकही मिरची उरली नव्हती. निखारे विझत होते. मी तीच मूठ रुतिकावरून फिरवली आणि डब्यात टाकली.

आता मला कोणी शहाणपण शिकवू नये. तुमचं पोर तुमच्यासमोर निळं पडू दे, मग बोला.

मिरच्या जळल्या...

वास आला नाही.

रुतिकाचा खोकला थांबला. मधेच. शिट्टी अर्धीच राहिली.

मी मागं पाहिलं... भिंतीपाशी कोणी नव्हतं. आतली कडी तशीच होती.

"ती पोरगी कुठं गेली?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातली सोनल म्हणाली, "तिथं कोन नाय बसत, आजी. ती जाईची जागा हाय."

स्वानंदनं मग सांगितलं. ही खोली जाईच्या घरच्यांची. आई कामाला जाताना पोरीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. एक दिवस आत गोधडी धुमसली. पोरगी दारापाशी बसून खोकत होती. शेजारच्या बायकांनी ऐकलं. म्हणाल्या, पोर खोकतंय, थांबेल आपोआप.

थांबलं.

म्हणूनच त्यानं हा क्लब काढला होता. वस्तीत दुसरी खोली मिळाली नाही.

त्या दिवसापासून रुतिका खोकली नाही. आमच्याकडं बोंबलाच्या कालवणाला फोडणी पडली की सगळं घर ठसकतं. ती शेगडीला चिकटून उभी राहते आणि आमची तोंडं बघते.

डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात दमा जातो. अर्पितानं पंप फेकून दिला. गावभर सांगते, आमच्या आईंच्या हाताला गुण आहे. सणाला पाया पडते. मी आशीर्वाद देते. काय सांगू तिला?

दिवाळीनंतर एका संध्याकाळी अर्पिता माहेरी होती. रुतिकाला घेऊन मीच क्लबला गेले. पोरं घरी गेली. स्वानंदनं दाराला कुलूप लावलं. आणि आतून...

खोकला.

शेवटाला शिट्टी.

स्वानंदच्या हातातली चावी पडली. उचलून दार उघडलं. आत नुसत्या चटया. पुन्हा कुलूप लावलं... पुन्हा खोकला. दाराला लागून. अगदी खाली, फटीपाशी.

"आजी..."

माझा हात रुतिकाच्या हातात होता. आणि हाक आतून आली.

मी वळून हातातल्या पोरीकडं पाहिलं. ती म्हणाली, "चल, घरी जाऊ. बसेल ती. मीपण बसायचे."

क्लब दुसऱ्या गल्लीत हलला. खोलीची चावी मी मागून घेतली. सुकी मासळी विकायला जाते असं घरी सांगते, आणि दर शनिवारी त्या दारापाशी जाऊन बसते. चावी कमरेला असते. पण उघडत नाही. उघडलं की आवाज जातो. कुलूप असलं तरच ती असते.

मी फटीला तोंड लावून म्हणते, आजी इथंच हाय, बाय. तिला ऐकू जातं की नाही, देव जाणे.

गेल्या शनिवारी खूप वेळ बसले... खोकला एकदाच आला. शिट्टी नव्हती.

घरी आले तर रुतिका उंबऱ्यावर उभी.

"झालं का तिचं खोकून?"

अर्पिता आतून म्हणाली, "कोणाचं गं?"

रुतिका माझ्याकडं बघत राहिली. मी पदर खोचला आणि तिचं ताट वाढलं. ती जेवली. भात मागून घेतला.