जनार्दनची जागा

उषाताई सबनीस मुळशीला राहायला आल्या, तेव्हा बाई मुंबईच्या हॉटेलांत इंग्रजी गाणी म्हणायच्या, एवढंच गावाला ठाऊक होतं. त्या जाझ गायच्या आणि बँड त्यांचाच होता. एका बाईच्या बोटाच्या इशाऱ्यावर सात पुरुष वाजवतात, हे बघायला लोक यायचे आणि गाणं ऐकायला थांबायचे. जनार्दन ट्रम्पेट वाजवायचा. तो एकदा बोटीवरच्या बँडबरोबर गेला. बोट परत आली, तो आला नाही. त्यांनी दुसरे वादक ठेवून पाहिले, पण कुणी टिकलं नाही. मग बँड मोडला. लग्न उषाताईंनी केलंच नाही.

धरणाकाठच्या रिसॉर्टचा मॅनेजर कौस्तुभ एकदा म्हणाला, "मॅडम, रविवारी दुपारी गाल का? साथीला नुसता कीबोर्ड आहे."

गळा बसला होता, तरी त्या गायल्या. दुसऱ्या कडव्यानंतर, जुन्या सवयीनं, त्यांनी जनार्दनच्या ट्रम्पेटची जागा मोकळी सोडली. हात वर करून कीबोर्डही थांबवला. काटेचमचे वाजत होते, पाण्यावरून वारा येत होता. बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा मुखडा धरला आणि टाळ्या पडल्या. वादकाला पडतात तशा.

घरकामाला येणाऱ्या रत्नाबाई त्या दिवशी तिथं वाढायला होत्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ते बाजावाले कुटं बसले व्हते? दिसले न्हाईत."

"कुठला बाजा?"

"पितळंचा. वरातीतल्यावानी न्हाई. लई आत जातुया."

उषाताईंना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग दर रविवारी त्या गाऊ लागल्या. त्या जागेशी थांबत आणि लोकांचे चेहरे बघत. कुणी पाण्याकडे मान वळवी, कुणी डोळे पुशी. घरी आल्यावर त्या रत्नाबाईंना विचारत, "आज काय वाजवलं त्यानं?" भांडी घासता घासता रत्नाबाई गुणगुणून दाखवत. तीच जुनी सुरावट, मात्र जराशी उशिरा उचललेली. उषाताईंना चिडवायला जनार्दन उचलायचा तशी.

"सगळ्यांना ऐकवतो," त्या एकदा म्हणाल्या, "मलाच नाही."

रत्नाबाईंनी नळ बंद केला.

भाताची शेतं पिवळी पडली होती, तेव्हाचा एक रविवार. उषाताई माइकसमोर उभ्या राहिल्या. कीबोर्डवाल्याकडे बघून मान हलवणार, तोच तो ऐकू आला.

पाण्याकडून. जराशा उशिरानं.

त्यांना हसू फुटलं. डोळे मिटून त्यांनी त्याचा सूर उचलला. गळा पंचविशीतल्यासारखा मोकळा झाला होता. आयुष्यात गायल्या नसतील असं त्या गायल्या. त्यानं टाकलेली प्रत्येक जागा घेतली, एक त्याला परत दिली.

गाणं संपलं. त्यांनी डोळे उघडले.

टाळ्या नव्हत्या. लोक त्यांच्याकडे बघत होते. कीबोर्डवाल्याची बोटं अजून तशीच पट्ट्यांवर टेकलेली होती.

कौस्तुभ जवळ आला. त्यानं बोटानं माइक ठोकून पाहिला. माइक चालू होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "सुरू करायचं ना? लोक केव्हाचे थांबलेत."