मुकं मशीन

निरोप दुपारी आला. सहदेव भोई दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, भाभीनं बोलावलंय. सवडीनं या, पन आजच या."

श्रीधरपंतांनी चपला घातल्या, मग आत जाऊन मागचं दार लावलेलं आहे ना ते पाहिलं, आणि पुन्हा येऊन चपला घातल्या. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं, वय अडुसष्ट; पण लावलेलं दार लावलेलंच असतं यावर त्यांचा एका नजरेत विश्वास बसत नसे. महाडात विद्यार्थी त्यांना 'सर' म्हणत आणि नदीकाठची माणसं 'मास्तर'. दुसरी हाक त्यांना जास्त आवडे. रमजानभाई तशी हाक मारत.

नदीवर मासेमारी करणारे रमजानभाई दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेले होते. होडी बांधून घाटाच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली आणि चौथ्या पायरीवर बसले ते बसलेच. सहदेव त्यांचा भागीदार. तो जाळं घेऊन मागून येत होता.

रमजानभाईंच्या पत्नी बदरुन्निसाभाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळे श्रीधरपंत पडवीतल्या खुर्चीवर बसले आणि बोलणं दाराच्या पडद्याआडून झालं. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं होडीचं मशीन उभं होतं. रॉकेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास त्याला अजून होता.

"मास्तर, खाली खाडीत ह्या महिन्यात दोन मशिनी चोरीला गेल्या," पडदा म्हणाला. "होडीची काळजी नाय. ती सहदेवनं बुडवलीय."

होडी वापरात नसली की तिच्यात दगड भरून ती घाटाशी पाण्याखाली ठेवतात. लाकूड सुकत नाही, फळ्या उलत नाहीत. "आनि बुडलेली होडी चोरायची तर चोराला आधी मासा व्हावं लागंल," बरोबर आलेला सहदेव म्हणाला.

"पन मशीन बुडवता येत नाय," पडदा म्हणाला. "अर्शदचं पत्र आलंय. म्हनतो, अम्मी, इद्दत सरली की येतो. मशीन असंल तर कुवेतला परत जानार नाय, अब्बांचा धंदा बघीन. आनि मशीन गेलं तर..." पडद्याआड पत्राची घडी पडल्याचा आवाज आला. "एकच पोरगा हाय मास्तर. घरात बापयमानूस नाय. तुमच्या खिडक्यांना गज हायेत. ठेवाल?"

"ठेवीन की. पण वहिनी, मी म्हणजे तसा... रात्री मांजरानं भांडं पाडलं तरी मला घाम फुटतो."

पडद्याआड हलकं हसू उमटलं. "हे पन तेच सांगायचे. मास्तर घाबरतो, म्हनून जागा ऱ्हातो."

आता नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तसं ते चार वर्षांपूर्वीच अशक्य झालं होतं.

त्या वर्षीच्या पुरात सावित्री श्रीधरपंतांच्या मागच्या दारातून आत आली आणि रात्री बारापर्यंत खिडक्यांच्या वर गेली. ते आणि त्यांच्या पत्नी सुमेधाबाई पोटमाळ्यावर, कौलांना डोकं लावून बसलेले. काळोखात पाण्याचा एकसारखा गुरगुराट. त्यातून हाक आली, "मास्तर!" श्रीधरपंत ओ देणार, तोच सुमेधाबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. रात्री न दिसणाऱ्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे त्या भागात पोराटोरांनाही ठाऊक असतं. जे जिवंत नसतं ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक त्याला मारता येत नाही. दोन हाकांवर जो ओ देतो, तो त्याच्याबरोबर जातो. दुसरी हाक आली. दोघं गप्प. मग तिसरी आली, चांगली खणखणीत: "मास्तर! अहो जिता हाय मी! ओ द्या नाय तर निघालो!"

सहदेवनं खालून वल्हं धरलं, रमजानभाईंनी चार कौलं उचकटली आणि दोघांना होडीत घेतलं.

पुढं ती त्यांची थट्टाच झाली. मासळी घेऊन मागच्या दारी आले की रमजानभाई मोजून तीन हाका मारत. "एक, दोन, तीन. जिता हाय, घ्या बोंयटं!" श्रीधरपंत हसत, मासळी घेत. पण आभार मानायचे राहून गेले. पत्र लिहायला घेतलं, चारदा फाडलं. 'ऋणी' हा शब्द पुस्तकी वाटला, 'उपकार' फार मोठा, 'धन्यवाद' तर पावतीवरचा. दोन जीव वाचवणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं, हे इतक्या शिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. मग पायरीवरची ती संध्याकाळ आली आणि पत्राची गरज उरली नाही.

सहदेव आणि आणखी एकानं मशीन बांबूला टांगून आणलं. नदीकडच्या मागच्या खोलीत लाकडी घोडीवर उभं केलं. सहदेवनं मशीनच्या डोक्यावरचं एक भोक दाखवलं. त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला होता.

"ह्याचा प्लग नाय. रमजानभाई रोज सांजचा प्लग काढून कनवटीला लावायचा. म्हनायचा, प्लगबिगर मशीन म्हंजे मुकं जनावर, चोराच्या काय कामाचं? त्या दिवशी पन काढला व्हता, मी बघितला. मागनं कपड्यात शोधला, पायऱ्यांवर शोधला. नाय घावला."

प्लग नाही म्हणजे ठिणगी नाही, ठिणगी नाही म्हणजे ज्वलन नाही. श्रीधरपंतांचा प्रबंधच ज्वलनावर होता. त्यांना जरा बरं वाटलं. मग लगेच वाटलं, नवा प्लग बाजारात मिळतो, चोरालाही मिळतो. आणि झोप गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सल्ले घ्यायला सुरुवात केली. कुलुपांच्या दुकानात विचारलं, होडीचं मशीन राखायला कोणतं कुलूप बरं. वाचनालयातल्या मुरारीला विचारलं, गज कापायला चोराला किती वेळ लागतो. दूधवाल्याला विचारलं, मागच्या खोलीच्या खिडकीतून आतलं दिसतं का रे. साखळी आणली आणि मशीन खिडकीच्या गजाला बांधलं. आठ दिवसांत महाडात ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही ठाऊक झालं, की रमजानचं मशीन मास्तरांच्या मागच्या खोलीत आहे.

"तुम्ही राखण करताय की दवंडी पिटताय?" सुमेधाबाईंनी विचारलं, आणि श्रीधरपंत गार पडले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पोलादपूरहून लेकीचा, इरावतीचा फोन आला. नातवाला गोवर. सुमेधाबाई पिशवी भरून एसटीनं गेल्या. जाताना म्हणाल्या, "दार तीनदा बघा हवं तर. पण एकदा झोपाही."

ती मार्गशीर्षातली रात्र. संध्याकाळपासूनच नदीवरून धुकं वर येत होतं. सहदेव डोकावून गेला. "आज भरती पहाटे चारला. चोर येनार तं पान्यानंच येनार, मास्तर. काय वाजलं तं वरडा." श्रीधरपंतांनी मान हलवली. आपल्याला ओरडता येईल का, याची त्यांना शंका होती.

ते पुढच्या खोलीत खाटेवर कंदील बारीक करून पडले. एक वाजला. दोन वाजले. मग डोळा लागला असावा, कारण जाग आली तेव्हा आधी जाणवली ती शांतता. रातकिडे थांबले होते. दाराच्या फटीतून धुकं आत आल्यासारखं वाटत होतं. आणि मागं, परसाच्या खालच्या पायरीला, लाकूड लाकडावर हलकेच आपटलं.

मग कुजबूज. मग पावलं, तीन माणसांची. मग मागच्या खिडकीशी कुरकुर सुरू झाली. लोखंडावर लोखंड. संथ, न घाई करता. गज कापत होते.

श्रीधरपंत उठून बसले. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. बाहेर जाऊन शेजाऱ्यांना उठवायचं तर पुढच्या दाराला त्यांनीच घातलेली तीन कुलुपं. किल्ल्या उशीखाली. एक गज तुटल्याचा टण्णकन आवाज आला. त्यांना पडद्यामागचा आवाज आठवला. 'एकच पोरगा हाय मास्तर.'

कुरकुर पुन्हा सुरू झाली. दुसरा गज.

तेव्हा हाक आली.

"मास्तर..."

खिडकीबाहेरून नाही. मागच्या खोलीच्या आतून. हळू, ओलसर, ओठ पाण्याशी टेकवून बोलावं तशी. पण आवाज ओळखीचा होता. करवत थांबली नाही. बाहेरच्यांना ऐकू आली नव्हती.

खोलीत रॉकेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास भरत गेला.

"मास्तर..."

दुसरी. ते वाट पाहू लागले. दुसरा गज तुटला. करवत तिसऱ्याला लागली. तिसरी हाक येईना. ते मनात मोजत राहिले. तीस, चाळीस, पन्नास. येणार नव्हती. चौथ्या पायरीवर बसलेल्या माणसाला तिसरी हाक कुठून मारता येणार?

ओ दिली तर काय होतं, ते त्यांना माहीत होतं. तसं काही नसतं, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असणारा माणूस आयुष्यभर गप्पच बसतो. पण त्या क्षणी त्यांना पुराचं पाणी आठवलं, आणि हेही आठवलं की तेव्हा दोन हाकांना ओ मिळाली नाही तरी हाक मारणारा परत फिरला नव्हता. तो आलाच होता.

"ओ," श्रीधरपंत म्हणाले. आवाज फुटला. "ओ, रमजानभाई. आहे मी. त्या रात्रीचं... तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. आम्ही दोघं आहोत ते... तुमच्यामुळं आहोत. हे सांगायचं होतं."

करवत थांबली.

आणि मागच्या खोलीत मशीन सुरू झालं.

दोरी ओढल्याचा झपकन आवाज, मग एक खोकला, मग अशी कानठळ्या बसवणारी गर्जना, की कौलं थरथरली, कंदिलाची काच तडकली. बाहेर कोणीतरी किंचाळलं. पायऱ्यांवरून धडाधड पावलं, पाण्यात कोसळल्याचा आवाज, "वल्हव, वल्हव!" मशीन चालतच होतं. भोईवाड्यात दिवे लागले, कुत्री उठली, दारं उघडली. मग ते जसं सुरू झालं तसं एकदम थांबलं.

माणसं आली तेव्हा श्रीधरपंत तिसऱ्या कुलपाशी झटत होते. सहदेवनं कंदील धरून मागची खोली उघडली. दोन गज तुटलेले, तिसऱ्यात करवतीचं पातं अडकलेलं. मशीन साखळीत, घोडीवर, जसंच्या तसं.

"त्यांच्याच होडीचं इंजिन वाजलं असंल," कोणीतरी म्हणालं. "धुक्यात आवाज जवळ वाटतो." श्रीधरपंतांनाही ते पटण्यासारखं वाटलं. खरं म्हणजे त्यांना ते पटायला हवं होतं.

सहदेवनं मशीनवर हात ठेवला आणि झटक्यानं मागं घेतला. बोटं तोंडात घातली. मग वाकून प्लगच्या भोकात पाहिलं. चिंधीचा बोळा तसाच होता, कोरडा. त्यानं कंदील खाली ठेवला आणि मशीनला हात जोडले.

सकाळी श्रीधरपंत पडवीत जाऊन बसले आणि पडद्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"किती हाका मारल्या?" पडद्यानं विचारलं.

"दोन."

"आनि तुम्ही ओ दिलीत?"

"दिली."

मग बदरुन्निसाभाभी हळू म्हणाल्या, "म्हंजे एक ऱ्हायली. ह्यांनी कुनाकडं अर्धं काम ठेवलं नाय कधी."

होळीच्या सुमारास इद्दत सरली आणि अर्शद आला. सहदेवबरोबर त्यानं होडीतले दगड काढले. होडी वर आली, फळ्या घट्ट, एकही उललेली नाही. बाजारातून नवा प्लग आणून मशीन लावलं. पहिल्या खेपेला त्यानं श्रीधरपंतांना होडीत बसवलं आणि दादलीच्या पुलाखालून फिरवून आणलं. घाटाजवळच्या घराच्या खिडकीतून भाभी पाहत होत्या. श्रीधरपंतांना वाटलं, इतकी वर्षं आपण कशाला भीत होतो.

घरी आले. मागची खोली रिकामी. लाकडी घोडीवर, जिथं मशीन उभं असे तिथं, एक प्लग ठेवलेला होता. जुना, काळा पडलेला, ओला. खाली पाण्याचं छोटं थारोळं.

ते धावत घाटावर गेले. अर्शदनं प्लग हातात घेतला, उलटापालटा केला, नखानं खरवडून त्यावरची एक खूण पाहिली आणि परत त्यांच्या मुठीत ठेवला. "अब्बांचाच हाय. तुमच्याकडंच असू द्या, काका. त्यांचं काय तरी तुमच्याकडं असू द्या."

आता श्रीधरपंत रात्री मागच्या दाराला एकच कडी लावतात, आणि ती पुन्हा पाहायला उठत नाहीत. झोप चांगली लागते. पाणी चढेल त्या रात्री आपल्याला न्यायला कोण येणार, हे किती जणांना आधीपासून ठाऊक असतं? हाक ओळखीची असेल. आणि ती तिसरी असेल, म्हणजे ओ द्यायला हरकत नाही.

प्लग त्यांनी मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आहे. परवा सुमेधाबाई धूळ पुसायला गेल्या आणि हात झटकत म्हणाल्या, "अगंबाई, केवढा तापलाय! उन्हातून उचला बरं तो."

श्रीधरपंतांनी घड्याळात पाहिलं. भरतीची वेळ होती. प्लग त्यांनी तिथंच राहू दिला. ती खिडकी उत्तरेला आहे, वर वळचण खाली उतरलेली. तिथं बाराही महिने ऊन येत नाही.