भरल्या वाटीचा आवाज

"छोट्या, मागची रांग नको रे! एवढं माझं ऐक..."

डबा एका बाजूनं आक्कानं धरला होता आणि दुसऱ्या बाजूनं तिचा धाकटा भाऊ ओढत होता. क्षणभर दोघं तशीच उभी राहिली, लहानपणी खेळण्यावरून भांडावीत तशी. मग आक्कानंच हात काढून घेतला. चाळीस वर्षांत त्याच्याशी झालेली एकही ओढाताण तिनं जिंकली नव्हती. जिंकावी असं तिला कधी वाटलंच नव्हतं!

"मागची नको, पुढची नको, मग नेऊ काय? भिंत?" छोट्या कडाडला. "दोन महिन्यांनी या खोलीत माझं बाळ झोपणार आहे, आक्का! आणि इथं बघ. तांदूळ, डाळ, पीठ, साबण, मेणबत्त्या, काडेपेट्या... घर आहे की गोदाम?"

भावजय दारात उभी होती, सातव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवून. लग्नाला उशीर, बाळाला त्याहून उशीर. त्यामुळे तिचा जीव आताशा पानासारखा हलायचा. काल तिनं पिठाचा एक डबा उघडला, तर आत जाळी धरलेली! त्या एका डब्यानं बाकी सगळ्यांचा निकाल लावला होता.

"मागचेच काढा आधी," ती म्हणाली. "मागे पडून राहिलेले म्हणजे सगळ्यात जुने असणार. पुढचे राहू देत वापरायला."

आक्कानं तोंड उघडलं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. एकोणतीस वर्षं तिनं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराची कोठी सांभाळली होती. कोठीत जुना माल पुढे ओढतात आणि नवा त्याच्या मागे लावतात, म्हणजे घाईत हात घालणाऱ्याच्याही हाती आधी जुनंच येतं. घरातही तिनं तेच केलं होतं. प्रत्येक डब्यावर, जखमेला लावतात तसली पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर भरल्याची तारीख. मागची रांग तिनं गेल्याच महिन्यात भरली होती. त्यात दुधाची भुकटीही होती, येणाऱ्या बाळाच्या आईसाठी!

"अगं मुली, ते जुने नाहीत..."

"एक शब्द नको!" छोट्याचा आवाज चढला. "संकट येणार, संकट येणार! हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. आलं का कधी? घरात सुख पाऊल टाकतंय, तर तुला संकटाचीच वाट बघावीशी वाटते!"

आक्का डब्यांपासून बाजूला झाली. आलं होतं रे संकट... तो तेव्हा चार वर्षांचा होता आणि ती तेरा. ते त्याच्या आठवणीत राहू नये, यासाठीच तर तिनं एवढा आटापिटा केला होता. आज त्याचंच फळ तिच्या पदरात पडत होतं!

चौदा डबे हातगाडीवर चढले आणि गल्लीच्या टोकाच्या गोठ्यात गेले. गाईंचं तरी पोट भरेल, असं छोट्या म्हणाला. आक्कानं केरसुणी घेतली आणि रिकामी झालेली जागा झाडून काढली. इतक्या हळुवार हातानं, जणू तिथं कुणी झोपलं होतं.

बाराव्या दिवशी पुलाचा एक खांब खचला.

गावात यायला तो एकच पूल. सकाळी भाजीचा ट्रक पलीकडेच थांबला, दुपारी दुकानांसमोर रांगा लागल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानदार रिकाम्या फळ्या पुसत बसले. नावेतून फक्त आजारी माणसं आणि औषधं जात-येत होती. धान्य कधी येणार, असं विचारलं की एकच उत्तर मिळे, "लवकरच." त्या शब्दाची आक्काला फार भीती वाटे. आई दवाखान्यातून कधी येणार, असं विचारलं की इतक्या वर्षांपूर्वीही लोक हेच म्हणत होते!

पुढच्या रांगेत पाच डबे उरले होते. दोनच तिनं उन्हात घालून, तीनदा चाळून, निवडून वापरात आणले; बाकीच्यांत जाळी धरली होती. तांदूळ जुना, पण धड होता. डाळीला मात्र वास येऊ लागला होता. तिनं वाटीनं मोजलं. तिघांना पाच दिवस. दोघांना सात-आठ. तिसऱ्या माणसानं थोडं मागे सरकायचं, एवढाच काय तो प्रश्न होता.

"इतकी वर्षं साठवलंत, आक्का," तिसऱ्या दिवशी ताट पुढे ओढताना भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं, "आणि ऐन वेळी हे असलं, जुनं... माझ्या पोटात जीव आहे हो!"

"काय म्हणायचं आता!" छोट्या पुटपुटला. "डोंगर पोखरून काढला आणि हाती हे."

आक्का एका शब्दानं त्याला गप्प करू शकली असती. पण तो शब्द त्याच्या काळजात आयुष्यभर रुतून बसला असता. बाप होऊ घातलेला माणूस; स्वतःच्या हातानं आपण बाळाच्या तोंडचं गोठ्यात टाकलं, हे ओझं घेऊन तो पाळणा कसा हलवणार?

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "जेवा तुम्ही. मी मागे बसते, पाय पसरून. गुडघे धरलेत मेले."

वाटी आणि चमचा घेऊन ती मागच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून चमच्याचा आवाज येऊ लागला.

चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या दिवशी ओट्याशी उभ्या उभ्याच तिला घेरी आली. "ऊन लागलं," म्हणाली. दिवसभर घराबाहेर पाऊलही न टाकलेल्या बाईला ऊन! छोट्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, पण पुलाची बातमी सांगायला शेजारी आला आणि ते पाहणं तिथंच राहिलं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो भिंतीला टेकून जेवत होता. आतून चमचा वाजत होता.

टण्... टण्... टण्.

त्याचा घास हातातच थांबला.

छोट्या लाद्या बसवणारा कारागीर होता. लादी बसवून झाली की सिमेंट लिंपायच्या करणीच्या मुठीनं ठोकून बघायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं. खाली माल नीट भरलेला असला की 'ठप्प' असा बद्द आवाज येतो. खाली हवा असली की लादी खणखणते. वरून कितीही चकचकीत दिसो, तिचा आवाज लपत नाही.

टण्... टण्.

"पोकळ आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

"काय पोकळ?" भावजयीनं विचारलं.

तो उठला होता. त्यानं दार ढकललं.

आक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर स्टीलची वाटी. कोरडी, लख्ख, घासून ठेवलेली! आणि ती त्या रिकाम्या वाटीत एका लयीत चमचा फिरवत होती...

"आक्का!"

चमचा खाली पडला. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखी तिनं वाटी पदराखाली लपवली.

"झालं रे माझं जेवून. आत्ताच..."

"खोटं नको बोलूस!" छोट्या तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. कुठून तरी फार खोलातून एक संध्याकाळ वर येत होती. एक पडदा... पडद्यामागे वाटी वाजतेय... आणि तो स्वतः, चार वर्षांचा, निश्चिंत मनानं आपला भात संपवतोय, कारण आक्काही जेवतेय! "आक्का... आई दवाखान्यात होती तेव्हा... तेव्हाही?"

आक्का हसायचा प्रयत्न करू लागली.

"तू घास माझ्याकडे सरकवायचास रे. तू जेव, तू जेव म्हणून रडायचास. मग काय करणार? तेव्हा वाटी पितळेची होती. आवाज छान यायचा..."

 मागे भावजय भिंतीशी ठेवलेल्या डब्यांजवळ वाकली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्या पट्ट्या वाचत होती.

"अहो... या पट्टीवर गेल्या वर्षीची तारीख आहे. हिच्यावरही. सगळ्यांवर!" तिचा चेहरा पांढरा पडला. "हे पुढचे डबे. मग मागे जे होते..."

"तेही जुनेच होते," आक्का घाईनं म्हणाली. "कीड लागलेली. बरं झालं गेले ते."

"तुम्ही सांगत होतात, आक्का. 'ते जुने नाहीत' म्हणालात. मीच... मागचे काढा, मीच म्हणाले!" भावजय मटकन खाली बसली. "आणि वर तुम्हालाच बोलले!"

"उचलून मी नेले," छोट्या म्हणाला. त्यानं आक्काचे दोन्ही हात धरले. केवढे हलके झाले होते ते हात! "इतकं ऐकून घेतलंस. एकदा तरी खडसावायचंस गं मला!"

"बाप होणार आहेस," आक्का म्हणाली.  "मनावर ओझं घेऊन बाप होऊ नये रे..."

मग मात्र तिला रडू आवरलं नाही. तेराव्या वर्षापासून अडवून धरलेलं रडणं होतं ते; भावाच्या खांद्यावर डोकं टेकून ती लहान मुलीसारखी रडली.

"आधी खायचं," भावजय डोळे पुसत उठली. तिनं आपल्या ताटातला भात आक्काच्या वाटीत ओतला. छोट्यानं आपला त्यावर रचला.

"अगं, तुझ्या पोटात..."

"त्यालाही आत्या धडधाकट लागेल. गोठ्यात काही डबे उरलेत का ते सकाळी हे बघून येतील. आणि या खोलीत एक फळी तुमची. पुढे जुनं, मागे नवं. चिकटपट्टी मी लावीन, तुम्ही शिकवा."

पूल अजून तुटलेलाच होता. उद्याचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आक्कानं चमचा उचलला. छोट्या शेजारी बसला, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, कान देऊन.

ठप्प... ठप्प.

"आणखी एक घास," तो म्हणाला. "ऐकतोय मी."