सातवा गडी

हणमंत काशीद जुनी फीत पुसता पुसता हसत होता. "मॅडम, काल टीव्हीने मला जिंकवलं."

त्याच्या तरुणपणच्या कबड्डी सामन्याची एक कॅसेट घरी होती. मधली काही सेकंदं बुरशीने खाल्लेली. हल्ली प्रत्येक टीव्हीत 'पूरक' असतो. चित्रात खंड पडला, की तिथे काय घडलं असेल याचा अंदाज बांधून तो चित्र भरून काढतो. काल त्याने हणमंतला पकडीतून सोडवून मधल्या रेषेवर पोचवलं होतं.

"खरं काय झालं होतं?" डॉ. इरावती गवंडेंनी विचारलं.

"खरं? दोघं छाताडावर बसले होते. बायकोला सांगितलं तर म्हणते, तुमचं राहू द्या, टीव्हीत दिसतंय ना!"

इरावती हसल्या नाहीत. पूरक घडवणाऱ्या गटात त्या होत्या. पुण्याच्या या प्रयोगशाळेत त्या त्याच पूरकाची मोठी आवृत्ती वापरून देशोदेशीची जुनी चित्रणं दुरुस्त करत.

समोरच्या पडद्यावर एकोणीसशे दहाच्या सुमाराचं कॅनडातलं बर्फाचं मैदान होतं. आइस हॉकीचे ते पहिले पगारी खेळाडू. बुटांना धारदार पाती, हातात लांब काठ्या, अंगात लोकरी स्वेटर, डोकी उघडी. या सामन्यात एकाच्या डोक्यात काठी बसली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. आळ आला ॲलेक मक्रेवर. घाव नेमका कुणी घातला ते कुणी पाहिलं नव्हतं; कोर्टाने पुराव्याअभावी सोडलं, गावाने सोडलं नाही. उरलेलं आयुष्य त्याने नदीवर बर्फाच्या लाद्या कापण्यात काढलं.

सामन्याचं एकमेव चित्रण परवा-परवा एका पाडलेल्या नाट्यगृहाच्या भिंतीत सापडलं. नेमक्या त्या घावाच्या जागी फितीवरच्या एकतीस चौकटी विरघळून मधासारख्या चिकट झाल्या होत्या. दोन सेकंदं.

पूरकाने ती भरली. मारणारा ॲलेकच निघाला. तिथल्या संग्रहालयाने चित्रण त्याच दिवशी खुलं केलं आणि दोन आठवड्यांत ते चाळीस लाख लोकांनी पाहिलं. ॲलेकची नात एडिथ, वय एक्याण्णव, हिने प्रयोगशाळेला एकच ओळ लिहिली होती : 'आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला.'

हणमंत आज प्रथमच तयार चित्रण पाहत होता. त्याचं हसणं थांबलं.

"मॅडम, सातवा गडी कुठे गेला?"

"कुठला सातवा? या खेळात एका बाजूला सहाच असतात."

"फितीवर सात आहेत. एकेक चौकट मी पुसलीय. कबड्डीवाल्याला सात मोजावे लागत नाहीत मॅडम, दिसतात."

इरावतींनी त्या काळची नियमपुस्तिका शोधून काढली. तेव्हा सात खेळाडू असत. सातव्याला रोव्हर म्हणत, म्हणजे भटक्या. त्याला ठरलेली जागा नसे, तो सगळ्या बर्फावर फिरे. पुढे त्याची जागाच रद्द झाली. आणि काम सुरू करताना 'एका बाजूचे खेळाडू' या रकान्यात इरावतींनी सवयीने सहा लिहिले होते. पूरकाने सातवा माणूस म्हणजे चित्रातला दोष समजून स्वच्छ पुसून टाकला होता.

त्यांनी सात लिहिले. या वेळी काठी ॲलेकच्या मागून उगारली गेली, रोव्हरच्या हातून.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी एडिथला फोन लावला. सगळं सांगितलं. चूक आपली होती, हेही.

"पहिल्या वेळी यंत्राला किती खात्री होती, डॉक्टर?"

"सत्त्याण्णव टक्के."

"आणि आता?"

इरावतींनी आकडा पाहिला. "सत्त्याण्णव."

"त्या दोन सेकंदांतलं खरोखरचं काही आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग त्या दुसऱ्या बिचाऱ्याला कशाला फासावर देता? त्याचीही नातवंडं असतील. तिथे काळं ठेवा. 'कुणी पाहिलं नाही' एवढ्या आधारावर माझे वडील आयुष्यभर मान वर ठेवून जगले. तुम्ही तेवढंही काढून घेतलंत."

इरावतींनी पूरक बंद केला. मूळ फितीवरून, सातही गडी ठेवून, हाताने नवी प्रत केली आणि मध्ये एकतीस काळ्या चौकटी घातल्या. संग्रहालयाने कुरकुरत ती लावली. एक प्रत एडिथला गेली.

चौथ्या दिवशी एडिथचा फोन आला.

"काळं कुठे आहे?"

"दोन सेकंदं आहे. मी स्वतः घातलंय."

"माझ्या टीव्हीवर नाही. त्या क्षणी सातवा माणूस नाहीसा होतो, आणि आजोबा काठी उचलतात. चार वेळा पाहिलं."

स्पीकरवर ऐकणाऱ्या हणमंतने फीत खाली ठेवली. टीव्हीतल्या पूरकाने काळं म्हणजेही खंडच समजला होता, आणि त्याला आजचा सहा जणांचाच खेळ माहीत होता. इरावतींना पूरक घडवतानाची ती बैठक आठवली. टीव्हीतला पूरक बंद करायला बटण हवं का, असं कुणीतरी विचारलं होतं. कुणाला हवा असेल रिकामा पडदा, असं म्हणून सगळ्यांनी 'नको'च्या बाजूने हात वर केले होते. त्यांनीही.

"डॉक्टर, ऐकताय ना?" एडिथ विचारत होती. "हे बंद कुठून करायचं?"