कार्डिनलच्या टोपीचे टाके

मृतांच्या स्मरणदिनाच्या आदल्या दुपारी आपोलेना शिवणाची पेटी घेऊन कॅथेड्रलमध्ये आली. दरवर्षी येई तशीच.

सम्राटाच्या घराण्यात जन्मलेल्या कार्डिनलची रुंद काठांची लाल टोपी रिवाजाप्रमाणे त्याच्या कबरीच्या वर छताला दोरीनं टांगलेली होती. ती कुजून आपसूक खाली पडेल, त्या दिवशी त्याचा आत्मा यातनांतून सुटेल, अशी श्रद्धा होती.

"तुम्ही दरसाल दोरी शिवता मावशी, म्हणून म्हातारा अजून लटकलाय," रखवालदार झिकमुंड शिडी धरत म्हणाला. "सम्राटाच्या भावाला जन्मात कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं. तुम्ही ठेवलंत!"

"शिडी धर. जीभ आवर."

चेष्टेत तो खरं तेच बोलून गेला होता. तिची डावखुरी मुलगी ब्लाझेना, आईच्याच हाताखाली शिवण शिकलेली, मोराव्हा नदीत बुडाली होती. जीव दिलेल्या मुलीला पवित्र भूमी नाकारणाऱ्या हुकमावर सही याच कार्डिनलची होती. मुलगी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरली गेली. पुढं तो मेला आणि टोपी टांगली गेली, तेव्हापासून आपोलेना त्या दोरीत नवं रेशीम भरत आली. लोक त्याला भक्ती समजत.

यंदा मात्र तिच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं. हे वैर उराशी धरून मरण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं. ती टाके उसवायला आली होती.

वर मेणाचा आणि जुन्या धुपाचा वास होता. तिनं कात्री दोरीपाशी नेली आणि वास बदलला. गाळाचा... कुजलेल्या लव्हाळ्याचा.

"झिकमुंड, इथं कोणी चढलं होतं?"

"कोण चढणार? शिडी कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात. का हो?"

तिनं दोरी जवळ ओढली. तिचे जुने टाके जागच्या जागी होते. त्यांच्यावरून नवे घातलेले होते; दाट, घट्ट. धागा ओला होता. कात्रीची पाती त्याच्यावरून घसरली. पुन्हा घसरली.

"सोड गं त्याला..." ती पुटपुटली. "मी सोडलंय."

"कुणाशी बोलताय, मावशी?"

तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. सगळे उलट्या दिशेनं गेलेले, डाव्या हाताचे. शेवटचा टाका अर्धाच होता. त्यातून सुई लोंबत होती... अजून झुलत.