शिरोरेषेवरची चीर

ब्रॅकेट चार होते. ब्रॅकेट म्हणजे विमानाचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवणारा, काटकोनात वाकवलेला पत्रा. चारही ब्रॅकेट एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापलेले, एकाच माणसाने वाकवलेले, शेपटीवर शेजारीशेजारी बसवलेले. मग तिन्हींना काही झालं नाही, आणि चौथ्यालाच चीर का पडावी? तीही नेमकी जुईचं नाव कोरलेल्या ब्रॅकेटलाच?

मोहोळच्या माळावर तालुक्याची छोटी धावपट्टी होती. तिला लागून असलेल्या शेडमध्ये चिमटा विमानाच्या शेपटीवर चढून बसला होता. चिमटा म्हणजे तपासणी करणारा यंत्रमानव, मांजराएवढा. हे नाव जुईच्या मोठ्या भावाने, शंतनूदादाने ठेवलेलं. विमानही दादानेच घरच्या घरी बांधत आणलं होतं. गेल्या श्रावणात साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. उरलेलं काम आई आणि आजोबा करत होते. उडवणार होती आई.

चिमट्याने ब्रॅकेटवर रंगीत द्रव लावला, नीट पुसून घेतला आणि जांभळा दिवा धरला. चीर असेल तर द्रव तिच्यात अडकतो आणि या उजेडात चमकतो. तीन ब्रॅकेट काळेच राहिले. चौथ्याच्या वाकवलेल्या कडेवर केसासारखी हिरवी रेघ उजळली.

"चीर आहे. बदलावा लागेल," चिमटा म्हणाला.

"एवढीशी तर आहे! चिमट्या, नको ना सांगूस कुणाला," जुई कुजबुजली.

"सांगून झालं, जुईताई. आजोबा तुमच्या मागेच उभे आहेत."

आजोबा धातुशास्त्रज्ञ होते, म्हणजे धातूंचा स्वभाव ओळखणारे. माणसांशी बोलताना मात्र ते अडखळत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"बाळ, चीर लहान राहत नाही गं. इंजिन चालू झालं की शेपूट थरथरते, आणि प्रत्येक थरथरीला चीर थोडी पुढे सरकते. आणि त्यात... आई बसणार आहे."

जुईने मान खाली घातली. त्या ब्रॅकेटवर दादाचं अक्षर होतं. असं अक्षर आता पुन्हा उमटणार नव्हतं.

आजोबांनी ब्रॅकेट काढला आणि भिंगासह तिच्या हातात दिला. "चीर कुठून निघालीय ते तूच बघ. मी सांगितलं तर ते बरोबरच असेल असं नाही."

जुईने भिंग डोळ्याशी धरलं. चीर अक्षरांतून गेली नव्हती. ती अक्षरांच्या डोक्यावरून, शिरोरेषेतूनच धावत होती.

तिला तो दिवस आठवला. दादाने सपाट पत्र्यावर पत्रा कुठे वाकवायचा ती रेघ पेनाने आखली होती. हातात टोकदार सुई होती. "जुयडे, बोल, काय लिहू?" "माझं नाव! रेघेवर लिही हं, वाकडं नको." आणि वहीत लिहावं तसं दादाने त्या रेघेला नाव टांगलं होतं.

"आजोबा, मी रेघेवर लिही म्हटलं म्हणून तुटलं का?"

आजोबांनी जेवणाच्या डब्याशेजारची शेंगदाणा चटणीची पुडी उचलली. "ही कड ओढून फाड."

फाटेना. मग त्यांनी कडेला नखाएवढा काप दिला. पुडी टरकन फाटली.

"जोर तेवढाच होता," आजोबा म्हणाले. "पण तो आधी सगळ्या कडेवर पसरलेला होता. काप दिल्यावर त्याच्या टोकाशी गोळा झाला. याला ताणाचं केंद्रीकरण म्हणतात (सगळा ताण एका जागी गर्दी करणं). पत्रा वाकवला की आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. तुझं नाव बाहेरच्या बाजूला होतं. सुईचा ओरखडा म्हणजे तो काप."

"म्हणजे माझ्यामुळेच."

"दादा पहिल्यांदाच शिकत होता. तू तर त्याहून लहान. आणि मी... मी त्या दिवशी इथेच पुस्तक वाचत बसलो होतो." आजोबांनी फाटकी पुडी खाली ठेवली. "पण ती चीर जमिनीवर सापडली, बाळ. आकाशात नाही."

जुईने जुना ब्रॅकेट खिशात ठेवला. मग जुई म्हणाली, "चिमट्या, नवा ब्रॅकेट तू करशील?"

"घरी बांधलेल्या विमानाचे भाग माणसाने करायचे, असा नियम आहे. मी फक्त बघतो. आणि खोड्या काढतो."

वयामुळे आजोबांचे हात थरथरायचे. म्हणून जुईनेच कात्रीने पत्रा कापला, कानशीने कडा घासल्या. पहिला ब्रॅकेट तिने शेगड्याच्या, म्हणजे पत्रा पकडून ठेवणाऱ्या लोखंडी जबड्याच्या, धारदार कडेवर वाकवला. कडेवर बारीक भेगा उठल्या.

"छान! चिरांची रांगोळी," चिमटा म्हणाला.

"गप रे!"

"कड टोकदार, म्हणून ताण पुन्हा एका रेघेत गोळा झाला," आजोबा पुटपुटले. "गोल कडेवर वाकव. ताण पसरू दे."

जुईने लाकडी ठोकळ्याची कड घासून गोल केली आणि त्यावर लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत पत्रा वाकवला. पुन्हा द्रव, पुन्हा जांभळा दिवा. या वेळी कुठेच काही उजळलं नाही.

तिने मऊ पेनाने ब्रॅकेटवर 'शंतनू' लिहिलं. थोडा वेळ बघत राहिली. मग फडकं घेऊन स्वतःच पुसून टाकलं आणि कोरा ब्रॅकेट शेपटीवर बसवला.

परीक्षकाने विमान पास केलं, तेव्हा ज्वारी कणसाला आली होती. आईने दादाची टोपी घातली आणि विमान सुरू केलं. ते शेतांवरून उठलं, लहान होत गेलं. जुईच्या खिशात जुना ब्रॅकेट होता. तिचा अंगठा चिरेवरून फिरत होता.

"आजोबा, पत्र्याला स्वतःलाच सांगता आलं तर? की मला इथे दुखतंय?"

"तसा पत्रा करायचे प्रयत्न चालू आहेत. अजून नीट जमलेला नाही."

"दादानेही सांगितलं नव्हतं, डोकं दुखतंय म्हणून. विमान लवकर पूर्ण व्हायला हवं होतं त्याला."

आजोबांनी तिचा हात धरला. दूरवर विमान वळलं, आणि शेपटीवर ऊन चमकलं.

"मी करीन तसा पत्रा," जुई म्हणाली. "सांगणारा."