सोडचिठ्ठी

स्मृतिपट्टी बसवलेल्या खेळाडूला बुद्धिबळाच्या पटावर बसू द्यायचं की नाही, हा वाद तोवर जुना झाला होता. पट्टी विचार करत नाही, बाहेरच्या कुठल्याही यंत्राशी बोलत नाही, फक्त आठवणी साठवते, याची खातरजमा करून महासंघानं परवानगी देऊन टाकली होती. त्यामुळे मैथिली घोरपडे जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत पोचली, आणि तीही तिच्याच सांगलीत, तेव्हा तिच्या कानामागच्या नखाएवढ्या तुकड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

काळजी होती ती एकट्या मैथिलीला.

ऐन तारुण्यात आलेल्या मेंदूज्वरानं तिच्या मेंदूतला नव्या आठवणी घडवणारा भाग निकामी केला होता. बालपण, शाळा, शिकलेले डाव, सगळं शाबूत होतं. पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी वाटायचा. पट्टीनं ती उणीव भरून काढली. तिच्यावरच मैथिली पुढे शिकली, जगभर खेळली. आणि आता उपांत्य लढतीत समोरच्या खेळाडूनं घोडा हलवला, तेव्हा आपण मघाशी काय योजलं होतं तेच तिला आठवेना. आठवलं, पण घड्याळातला बराच वेळ वाहून गेल्यावर. ती लढत ती कशीबशी जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी मिरजेला डॉ. निशात मुल्लांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसली. तिची पट्टी त्यांनीच बसवली होती.

"पट्टी बिघडलीय का, डॉक्टर?"

"बिघडलेली नाही, भरलीय." निशातनी पडद्यावरचा आलेख तिच्याकडे वळवला. "समज, पट्टीत असंख्य पाट्या आहेत. लिहिता येतं एकेक ओळ, पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. तिच्यावरच्या दोन ओळी हव्या असतील, तर आधी त्या दुसऱ्या पाटीवर उतरवायच्या, मग ही पुसायची. कोऱ्या पाट्या आहेत तोवर काही जाणवत नाही. त्या संपल्या, की प्रत्येक नव्या ओळीसाठी ही उतरव-पूस करत बसावं लागतं. तू पटावर थांबून राहतेस ती त्यामुळे."

"पण मी कितीतरी गोष्टी विसरते की. त्या जागा रिकाम्या होत नाहीत?"

"तू विसरतेस. पट्टीला ते कोण सांगतं?"

हा पेच जुन्या संगणकांनाही पडला होता. माणूस एखादी फाइल काढून टाकायचा, तेव्हा संगणक सूचीतून फक्त तिचं नाव खोडायचा. आतल्या साठवणीला त्याचा पत्ताच नसायचा. ती बिचारी टाकाऊ मजकूरही जिवापाड जपायची आणि दिवसेंदिवस मंद होत जायची. पुढे संगणक चालवणाऱ्या प्रणालींना शिकवलं गेलं, की काही टाकून दिलंत तर साठवणीला तसं कळवा. इथे मात्र प्रणाली म्हणजे खुद्द माणसाचा मेंदू होता, आणि त्याला हे शिकवलेलं नव्हतं.

"आणि पाटी काही अमर नसते," निशात म्हणाल्या. "पुसून पुसून झिजते. हे असंच चाललं, तर थोड्याच वर्षांत तुझी पट्टी बंद पडेल. बदलताही येणार नाही, मज्जातंतू रुजलेत तिच्यात."

ज्वरानंतरचे ते कोरे दिवस मैथिलीला तिच्या आईनं अनेकदा सांगितले होते.

"उपाय नाही?"

"आहे. मेंदू झोपेत नको असलेल्या आठवणींचे धागे सैल करतो. माझी नवी आज्ञावली ते सैल धागे ओळखते आणि पट्टीला कळवते: हे सोडलं, पूस. आम्ही तिला सोडचिठ्ठी म्हणतो." त्यांनी आलेख बंद केला. "पण एक लक्षात घे. विसरलेली गोष्ट कधीतरी एखाद्या वासानं, एखाद्या गाण्यानं अवचित परत येते ना? ती यायची नाही. पुसलेलं म्हणजे पुसलेलं."

"जे मला आठवतच नाही, ते गेलं तर माझं काय जातं?" मैथिली हसून म्हणाली.

निशात हसल्या नाहीत. विचार करायला आठवडाभर घे, म्हणाल्या. मैथिलीनं तिथेच संमतीपत्रावर सही केली.

पुढचे काही दिवस तिला घरात नवी खिडकी पाडल्यासारखं वाटत होतं. वाचलेलं क्षणात ठसत होतं आणि हवं तेव्हा हजर होत होतं. अंतिम लढतीत कझाकस्तानची आयगुल आधी पुढे होती, मैथिलीनं तिला गाठलं. शेवटच्या डावात तर दोघींचे वजीर गेल्यावर पट जवळजवळ मोकळा झाला, आणि कधीकाळी घरी एकटीनं तपासलेली एक रचना मैथिलीच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. तिनं शांतपणे हत्ती बळी दिला. सभागृहात कुजबुज उठली. आयगुलनं हत्ती घेतला, मग कपाळाला हात लावून बराच वेळ पटाकडे पाहत राहिली. मैथिलीचं कडेचं प्यादं आता अडवता येणार नव्हतं. तिनं घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

सगळं सभागृह उभं राहिलं. मैथिलीची आई पदरानं डोळे पुसत होती, निशात लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. पुढच्याच आठवड्यापासून पट्टीवर जगणाऱ्या सगळ्यांना सोडचिठ्ठी मिळणार होती. आता कोणाचीच स्मृती अकाली झिजणार नव्हती.

गर्दी ओसरल्यावर एक बाई बिचकत जवळ आली.

"केतकी!" मैथिलीनं तिला मिठीच मारली. "कुठे होतीस गं इतकी वर्षं?"

केतकी साठे, तिची शाळेतली मैत्रीण. दोघी एकाच पटावर शिकल्या होत्या. मिठीत ती ताठ उभी राहिली.

"तू बोलतेस माझ्याशी?"

"का नाही बोलणार?"

केतकी मागे सरली. "तुझी तयारी मी विकली होती, मैथिली. ऑलिंपियाडच्या आधी, समोरच्या संघाला. मी माफी मागायला आले, तर तू तोंडावर दार लावलंस. आज म्हटलं, पुन्हा एकदा विचारून बघावं."

मैथिलीनं आठवून पाहिलं. पट्टीवर साठवलेलं सगळं ऑलिंपियाड आठवत होतं; पण केतकी त्यात कुठेच नव्हती. तिनं निशातकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"म्हणजे मी हिला मनातून माफ केलं होतं का, डॉक्टर? म्हणून पुसलं गेलं?"

"कळायला मार्ग नाही. मेंदूनं सोडलं, एवढंच पट्टीला समजतं. माफ करून सोडलं की नुसतं कामाच्या रगाड्यात, हे तिला समजत नाही. आता ते कोणालाच कळणार नाही."

मैथिलीनं केतकीचा हात धरला. "मग मी आता माफ करते. झालं?"

केतकीनं हात हळूच सोडवून घेतला. "तुला माहीतच नाही तर तू कशाची माफी देणार? जिच्याकडे मागायची होती, ती आता नाहीच. ते सगळं आता एकट्या माझ्याकडे राहिलं."

ती पायऱ्या उतरून गेली. मैथिली चषक हातात घेऊन तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. तिनं मनात खोलवर शोधलं. राग नव्हता, दुःख नव्हतं, काही हरवल्याची खूणसुद्धा नव्हती. या क्षणी वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटत होता तो फक्त जिंकल्याचा आनंद.